फ्रीस्पेस २ पहिल्यांदा खेळताय? आधी वेग आणि टार्गेट, गोळ्या नंतर

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आठ दिवस आमच्याकडे होता, नववीत आहे, फोनवरच्या शूटिंग गेममध्ये त्याचा हात चांगलाच बसलाय. त्याला कॉम्प्युटरवर फ्रीस्पेस २, अंतराळात लढाऊ यान उडवायचा गेम, लावून दिला आणि मी चहा टाकायला आत गेलो, परत येईपर्यंत पोरगा चारदा मेला होता. “मामा, हा माझ्या मागेच राहतो, मी वळलो की तोपण वळतो, आम्ही नुसते गोल गोल फिरतोय.” मी बघितलं तर थ्रॉटल, म्हणजे वेग, फुल, दोन्ही तोफा एकत्र जोडलेल्या, ट्रिगर दाबून धरलेला, आणि टार्गेट केलेलं यान भलतंच कुठलं तरी चार किलोमीटर लांबचं. नवीन आलेले जवळजवळ सगळेच असं खेळतात. नेम वाईट असतो म्हणून मरत नाहीत, वेगाकडे आणि टार्गेटकडे लक्ष नसतं म्हणून मरतात. तेव्हा त्याला जे जे बाजूला बसून सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, ज्यांनी अजून हा गेम उघडलाही नाही त्यांच्यासाठी.

आधी थोडक्यात, हा गेम काय आहे. १९९९ साली आलेला, अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावातल्या व्होलिशन कंपनीने बनवलेला आणि इंटरप्लेने बाजारात आणलेला. तेव्हा तीन सीडींवर यायचा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण खपला नाही. २००२ मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला आणि तेव्हापासून जगभरातले हौशी लोक तो कोड सुधारत आलेत, त्या सुधारलेल्या इंजिनाला फ्रीस्पेस ओपन म्हणतात. २०२३ मध्ये व्होलिशन बंद पडली, पण गेम आजही नव्या कॉम्प्युटरवर झकास चालतो तो या लोकांमुळे. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, वीस वर्षांहून जास्त काळ एक पैसा न घेता कोणीतरी रात्री जागून एका गेमची निगा राखतंय.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना जास्त मजेची वाटेल. गेममधल्या परग्रहवासी शत्रूंना शिवन म्हणतात, ते नाव शंकराच्या संहारक रूपावरून. त्यांच्या एका डिस्ट्रॉयरच्या, म्हणजे अवाढव्य युद्धनौकेच्या, जातीचं नाव रावण, एका क्रूझरचं, म्हणजे त्याहून लहान युद्धनौकेचं, राक्षस. तारेपण ओळखीचे भेटतात, सिरियस म्हणजे आपला व्याध, पोलॅरिस म्हणजे ध्रुव, रेग्युलस म्हणजे मघा, डेनेब म्हणजे हंस, आणि कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय. गच्चीवर उभं राहून जो ब्रह्महृदय बघतो त्याच्याच आसपास लढायचंय हे कळल्यावर भाच्याने त्या रात्री मला गच्चीवर नेऊन तो दाखवायला लावला.

पायरी १ : विकत घ्या आणि नीट बसवा

गॉग किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या साइट्स, दोन्हीकडे मिळतो, आणि सेल लागला की खूपच स्वस्तात मिळतो. मी गॉगचा घेतलाय, त्याचा इन्स्टॉलर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवता येतो, नेट नसलं तरी पुन्हा बसवता येतो.

विकत घेतलेला गेम तसाच चालू करू नका. म्हणजे चालतो, पण १९९९ चा दिसतो आणि नव्या विंडोजवर मधेच कुरकुरतो. त्याऐवजी नॉसॉस डॉट नेट नावाचा फुकट लाँचर उतरवून घ्या. तो विचारतो मूळ गेम कुठे आहे, त्याला गॉगचा इन्स्टॉलर दाखवा नाहीतर स्टीमचं फोल्डर दाखवा, तो त्यातल्या डेटा फाइल्स उचलतो आणि फ्रीस्पेस ओपनचं इंजिन स्वतः आणतो. लायब्ररीसाठी फोल्डर विचारेल तेव्हा प्रोग्रॅम फाइल्सच्या आत देऊ नका, तिथे विंडोज परवानग्यांवरून अडवतं, सरळ डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करा.

मग त्याच लाँचरमध्ये मीडिया व्हीपी नावाचा मॉड, म्हणजे गेमवर चढवायची भर, दिसेल. यात यानांची मॉडेलं, स्फोट, तारे, सगळं नव्याने बनवलेलं आहे. काही जीबीचं डाउनलोड आहे, मोबाइल डेटावर असाल तर रात्री लावून ठेवा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर बिनधास्त घ्या. जुना लॅपटॉप असेल तर आधी मूळ गेम फक्त नव्या इंजिनावर चालवून बघा, कारण या गेममध्ये चित्र अडखळलं की नेम गेलाच, सुंदर पण अडखळणारं चित्र काही कामाचं नाही. लिनक्स आणि मॅकवरही इंजिन चालतं.

पायरी २ : हातात काय धरायचं

जॉयस्टिक असेल तर उत्तम. महागडी लागत नाही, साधी मुठीत धरायची, मूठ फिरवता येते अशी, आणि बुडाशी एक थ्रॉटलचा खटका असेल अशी पुरे. माझी लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो आहे, बारा बटणं आहेत, डोक्यावर हॅट, म्हणजे अंगठ्याने ढकलायचं छोटं बटण, आहे, याहून जास्त मला कधी लागलं नाही. मूठ डावी उजवी झुकवणं म्हणजे यानाचं नाक वळवणं, मूठ पिळणं म्हणजे यान कलंडवणं, एवढं सेट करा आणि थ्रॉटलचा खटका वेगाला जोडा. ऑप्शन्समध्ये जॉयस्टिकची संवेदनशीलता आणि डेडझोन असे दोन स्लायडर आहेत. सोडून दिलेली मूठ स्क्रीनवर यानाला हळूहळू एका बाजूला ओढत असेल तर डेडझोन थोडा वाढवा, बाकी हात लावू नका.

जॉयस्टिक नसेल तर माउस. ऑप्शन्समध्ये माउसने उडवायची सोय आहे, आणि खरं सांगतो, नवीन माणसाला माउस वाईट नाही. फक्त कीबोर्डवर खेळायचं ठरवलंत तर उजवीकडचा नंबरपॅड लागतो, आठ आणि दोनने नाक वरखाली, चार आणि सहाने डावीउजवीकडे, सात आणि नऊने कलंडणं. बऱ्याच लॅपटॉपना नंबरपॅडच नसतो आणि साध्या बाणांच्या कीज शील्डसाठी, म्हणजे यानाभोवतीच्या ऊर्जेच्या ढालीसाठी, घेतलेल्या आहेत, मग कंट्रोल कॉन्फिगमध्ये जाऊन बदलून घ्या. अजून एक, स्वस्त कीबोर्डवर तीन चार कीज एकदम दाबल्या की एखादी लागतच नाही. गेममध्ये तुम्ही वळताय, आफ्टरबर्नर, म्हणजे थोडा वेळ जादा वेग देणारी की, दाबलाय आणि गोळीपण मारताय असं सारखं होतं, तेव्हा गोळी सुटेना तर गेमला दोष देण्याआधी नोटपॅड उघडून त्या कीज एकत्र दाबून बघा.

पायरी ३ : ट्रेनिंग टाळू नका

पहिल्यांदा पायलटचं नाव विचारेल, काहीही द्या. मग ऑप्शन्समधली अवघडपणाची पातळी, पाच आहेत, अगदी सोपी ते इन्सेन. सगळ्यात सोपी घ्या. यात कमीपणा नाही, सोप्या पातळीवर मार कमी बसतो म्हणून तुम्हाला बघायला, विचार करायला वेळ मिळतो, आणि हा गेम बघण्याचाच आहे. कॅम्पेनच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मिशन्सच्या, मधे कधीही ऑप्शन्समधून पातळी वाढवता येते.

कॅम्पेनच्या सुरुवातीला ट्रेनिंगची मिशन्स येतात, ती गाळून पुढे जायचं बटणही आहे. गाळू नका. प्रशिक्षक एकेक की सांगतो, ती दाबली की पुढे जातो, अर्ध्या तासाचं काम. भाच्याने गाळलं होतं.

पायरी ४ : थ्रॉटल, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

इथे जरा जास्त वेळ काढतो कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

ए दाबला की वेग वाढतो, झेड दाबला की कमी होतो. बॅकस्पेस म्हणजे एकदम शून्य, त्याच्या जवळची उलटी तिरकी रेघ म्हणजे फुल. चौकोनी कंसांच्या दोन कीज आहेत, डावी एक तृतीयांश वेग, उजवी दोन तृतीयांश. टॅब धरून ठेवला की आफ्टरबर्नर, त्याचं इंधन संपतं पण सोडलं की आपोआप परत भरतं.

आता हे समजून घ्या. तुमचं यान एका सेकंदात किती अंश वळू शकतं हे तुमच्या वेगावर अवलंबून नाही, ते यानावर ठरलेलं आहे. पण वेग जास्त असेल तर तेवढंच वळताना तुम्ही खूप मोठं वर्तुळ काढता, वेग कमी असेल तर छोटं. शत्रू तुमच्याभोवती फिरतोय, तुम्ही त्याच्याभोवती फिरताय, दोघेही फुल वेगात, तर दोघांची वर्तुळं सारखीच राहणार आणि कोणालाच नेम मिळणार नाही. अशा वेळी डावा चौकोनी कंस दाबा, वेग एक तृतीयांश करा, आणि नाक त्याच्याकडे ओढत राहा. तुमचं वर्तुळ आकसतं, आणि दोन तीन सेकंदात शत्रू समोरून आडवा जाताना दिसतो. भाच्याला एवढी एकच गोष्ट सांगितली आणि पाचव्या खेपेला त्याने पहिलं यान पाडलं, उडी मारली खुर्चीतून.

पण सारखं हळू राहायचं नाही हां. हळू चालणारं यान बाकीच्यांसाठी सोपं टार्गेट असतं. एक शत्रू असेल तर हळू व्हा, वळा, मारा, आणि लगेच वेग वाढवा. तीन चार जण असतील तर आधी वेगाने बाहेर निघा, लांब जाऊन वळा, आणि परत आत या.

आणि एम. टार्गेटच्या मागे आलात की एम दाबा, तुमचं यान त्याच्याच वेगाने चालायला लागतं. त्याला ओलांडून पुढे जाणं हा नवीन माणसाचा दुसरा मोठा घोटाळा, त्याच्या पुढे गेलात की आता तो मागे आणि तुम्ही पुढे. एमने ते वाचतं. ऑल्ट आणि एम एकत्र दाबलं तर हे आपोआप होत राहतं, पण सुरुवातीला ते चालू ठेवू नका, हाताला सवय लागू दे.

समोरासमोर येणाऱ्या यानावर सरळ चालून जायचं नाही. दोघं एकमेकांवर गोळ्या झाडत येतात आणि धडकतात, दोघांचंही नुकसान. मारा, आणि जवळ आल्यावर आफ्टरबर्नर दाबून बाजूला व्हा.

पायरी ५ : कोणाला मारायचं ते ठरवा

स्क्रीनवर खाली मधोमध रडार आहे. साधा नकाशा समजू नका तो. मधला भाग म्हणजे तुमच्या समोर, कड म्हणजे तुमच्या पाठीमागे. लाल ठिपका शत्रू, हिरवा आपला. ठिपका कडेवर असेल तर तो पाठीवर आहे, नाक त्याच्या दिशेने वळवत राहिलात तर ठिपका मध्याकडे सरकत येतो. पहिली दोन मिशन्स निम्मं लक्ष रडारवर ठेवा.

टार्गेट करायच्या कीज खूप आहेत, सगळ्या पहिल्या दिवशी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मी भाच्याला आधी पाचच दिल्या :

एच म्हणजे पुढचा जवळचा शत्रू.
आर म्हणजे जो मला मारतोय तो.
बी म्हणजे बॉम्ब.
ई म्हणजे ज्याला वाचवायचंय ते जहाज.
वाय म्हणजे समोर नेमावर जे आहे ते.

या पाच डोक्यात बसल्या की नंतर जी घ्या, जे टार्गेट केलंय त्याच्यावर हल्ला करणारा सगळ्यात जवळचा कोण ते ती दाखवते. आणि ई मग जी, ई मग जी, हे इतकं कामाचं आहे की पुढे अर्धा गेम या दोन बटणांवर जातो. आपलं मालवाहू जहाज टार्गेट करा, मग त्याला कोण मारतंय ते टार्गेट करा, त्याला पाडा, परत तेच.

टार्गेट केलं की त्याच्या पुढे एक छोटं वर्तुळ दिसतं, गोळी तिथे पोचेपर्यंत यान कुठे असेल ती जागा. नेम यानावर नाही धरायचा, त्या वर्तुळावर. शत्रू वळत असेल तर वर्तुळ उड्या मारतं, त्याच्यामागे धावू नका, तो सरळ होईपर्यंत थांबा, एखाद सेकंद सरळ होतोच, तेव्हा मारा. सतत ट्रिगर दाबून ठेवलात तर तोफांची ऊर्जा संपते आणि नेमका तो सरळ होतो तेव्हा तुमच्याकडे मारायला काही उरत नाही. दोन्ही तोफा जोडून मारणं जोरदार वाटतं पण ऊर्जा दुप्पट वेगाने जाते, जोडणी फक्त जवळून खात्रीचा मारा असेल तेव्हा.

पायरी ६ : मिसाइलं

मुख्य तोफ कंट्रोल कीवर, मिसाइल स्पेसबारवर. टिंबाच्या कीने तोफ बदलते, तिरक्या रेघेच्या कीने मिसाइल बदलतं.

मिसाइलं साधारण तीन तऱ्हेची. टेम्पेस्ट सारखं सरळ जाणारं, त्याला डोकं नाही, तुम्ही जिथे नाक धराल तिथे जातं, पण खूप घेता येतात आणि शत्रूच्या शेपटीला चिकटलेले असाल तर भयंकर काम करतं. रॉकआय सारखं उष्णतेचा माग काढणारं, मारलं की विसरा, पण चुकतं खूप. आणि हार्पून सारखं लॉक घ्यावं लागणारं. हार्पूनसाठी टार्गेट काही सेकंद समोर ठेवायचं, त्रिकोण सरकत येऊन त्याच्यावर बसतो, आवाज बदलतो, मग सोडायचं. घाई केली तर वाया. शत्रू वळायला लागला असेल तेव्हा लॉक घेत बसू नका, तो लांब असताना, तुमच्याकडे लक्ष नसताना घ्या. हार्पून मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतं, जागा असेल तिथे तेच भरतो. पुढे ट्रेब्युशे मिळतं, ते फार लांबून मारता येतं, बॉम्बर आपल्या जहाजापर्यंत पोचायच्या आत त्यांना गाठायला याच्यासारखं दुसरं नाही.

तुमच्यावर मिसाइल आलं तर इशारा वाजतो. एक्स दाबा, काउंटरमेझर, म्हणजे मिसाइलला चकवणारं आमिष, सुटतं, एक दोन दाबा, दहा नको, ते मोजकेच असतात. सोबत आफ्टरबर्नर लावून मिसाइलच्या वाटेला आडवं वळा. सरळ पळालात तर ते मागून येऊन बसणारच.

पायरी ७ : ऊर्जा आणि शील्ड

कीबोर्डवर एका गठ्ठ्यात सहा कीज असतात, इन्सर्ट, होम, पेज अप वरच्या ओळीत आणि डिलीट, एंड, पेज डाउन खालच्या ओळीत. इन्सर्टने तोफांना ऊर्जा वाढते, डिलीटने कमी होते. होम आणि एंड शील्डसाठी, पेज अप आणि पेज डाउन इंजिनासाठी. एकूण ऊर्जा तेवढीच, एकाला दिली की दुसऱ्याची जाते. घरात गिझर आणि इस्त्री एकदम लावल्यावर जशी ओढाताण होते तसंच.

लांबचं अंतर कापताना इंजिनाला द्या, वेग जरा वाढतो. मार खाऊन बाहेर पडलात तर शील्डला द्या आणि ती भरेपर्यंत लांब राहा. चकमकीत असताना तिन्ही सारखे. याहून जास्त सुरुवातीला करू नका.

शील्डचे चार भाग असतात, पुढचा, मागचा, डावा, उजवा. मागून मार बसला तर मागचा भाग रिकामा होतो आणि बाकीचे तीन भरलेले असतात, तेव्हा क्यू दाबला की चारही सारखे वाटले जातात. क्यूची सवय लवकर लावून घ्या, मी तर वळलो की दाबतो. शील्ड आपोआप भरते, खालचं कवच मात्र भरत नाही. संपलेली मिसाइलं परत हवी असतील तर शिफ्ट आर दाबून सपोर्ट शिप बोलवायची, ती येऊन चिकटते आणि मिसाइलं भरून देते. शत्रू आसपास असताना बोलावू नका, तीपण जाते आणि थांबलेले तुम्हीपण जाता.

पायरी ८ : मिशनमध्ये काय साधायचंय ते वाचा

ब्रीफिंग, म्हणजे मिशनआधी दिलेली माहिती, पटापट पुढे ढकलू नका. तिथे कोण कुठून येणार, काय वाचवायचं, काय पाडायचं सगळं असतं. नंतर यान आणि शस्त्रं निवडायची पडद्यावर, ओढून टाकायची. शंका असेल तर जे दिलंय तेच ठेवा, मिशन बनवणाऱ्याने विचार करूनच दिलेलं असतं.

उडाल्यावर डावीकडे सूचनांची यादी दिसते. काम झालं की ओळ निळी होते, फसलं की लाल. मिशन जिंकलात की हरलात हे किती यानं पाडलीत यावर नाही, ही यादी पूर्ण झाली का यावर आहे. भाचा तीन लढाऊ यानं पाडून खूश होता, तोवर मागे मालवाहू जहाज फुटलं. लढाऊ यानं तुम्हाला गुंतवून ठेवायला येतात, खरा धोका बॉम्बरचा. आपल्या मोठ्या जहाजाजवळ असाल तर मधे मधे बी दाबत राहा, बॉम्ब सुटलेला असेल तर तो टार्गेट होतो, आणि हो, बॉम्ब गोळ्यांनी फोडता येतो. आधी बॉम्ब, मग बॉम्बर, मग बाकी सगळे, हा क्रम पाळा.

तुम्ही एकटे नाही. तुम्ही अल्फा वन, तुमच्यासोबत अल्फा, बीटा अशा तुकड्या असतात. सी दाबला की मेसेजची यादी उघडते, आकडा दाबून हुकूम द्यायचा, माझ्या टार्गेटवर हल्ला करा, माझं रक्षण करा, अमुकला वाचवा वगैरे. चकमकीच्या मधे ही यादी वाचायला वेळ नसतो म्हणून शांत असताना दोन चारदा उघडून बघून ठेवा. शिफ्ट ए म्हणजे माझ्या टार्गेटवर हल्ला करा, हे एकच लक्षात राहिलं तरी खूप.

काम संपल्यावर परतायचा हुकूम येईल, तेव्हा ऑल्ट जे. त्याआधी निघालात तर रणांगण सोडून पळाल्यासारखं धरतात. आणि आपल्याच यानांवर गोळ्या झाडत राहिलात तर तुम्हाला गद्दार ठरवून आपलेच लोक पाडतात, तेव्हा गर्दीत ट्रिगर जपून.

लांबचं रिकामं अंतर कापायचं असेल तर शिफ्ट आणि टिंब दाबून वेळ भरभर पळवता येतो, शिफ्ट आणि स्वल्पविराम दाबून परत पूर्ववत.

पायरी ९ : मोठी जहाजं

फ्रीस्पेस २ लोकांच्या लक्षात राहिला तो या जहाजांमुळे. दोन किलोमीटर लांबीची डिस्ट्रॉयर शेजारी उभी राहून एकमेकांवर बीम तोफा, म्हणजे जाडजूड किरण, सोडतात, आपल्या बाजूच्या हिरव्या, शिवनांच्या लाल, आणि तुम्ही मधे माशीएवढे. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा थांबून बघा, काही बिघडत नाही, फक्त दोन जहाजांच्या मधल्या रेषेत थांबू नका. बीम तुमच्यासाठी नसतो पण वाटेत आलात तर शील्ड वगैरे काही वाचवत नाही.

क्रूझर किंवा कॉर्व्हेट अशा मधल्या आकाराच्या युद्धनौकेवर हल्ला करायचा असेल तर सरळ मधोमध चालून जाऊ नका, फ्लॅकच्या, म्हणजे हवेत फुटणाऱ्या गोळ्यांच्या, तोफा चिंध्या करतात. आधी लांबून चक्कर मारा, ज्या बाजूला तोफा कमी आहेत ती बाजू शोधा. के दाबला की एकेक तोफ टार्गेट होते, एस दाबला की इंजिन, शस्त्रं, सेन्सर असे भाग. मॅक्सिम नावाची तोफ शील्डवर कुचकामी पण कवचावर जबरदस्त आणि लांब पल्ल्याची, तोफा उडवायला हीच घ्या. बॉम्बर उडवत असाल तर बॉम्ब खूप लांबून सोडायचा नाही, वाटेतच फोडतात. लॉक घ्या, आत घुसा, अगदी जवळून सोडा आणि आफ्टरबर्नर लावून निघा. मोठं जहाज फुटताना त्याची लाट लांबपर्यंत येते, पाडलं म्हणून शेजारी थांबून बघत बसलात तर त्या लाटेतच जाल.

तेजोमेघातली मिशन्स वेगळी. थोड्या अंतरापलीकडचं सगळं धूसर, रडार फडफडतं, मधेच विजा. तिथे वेग कमी ठेवा, एकट्याने लांब जाऊ नका, आपल्या जहाजाजवळ राहा. हेडफोन लावून, खोलीतला दिवा बंद करून खेळा ती मिशन्स.

रेड अलर्ट लिहिलेलं मिशन आलं तर यान निवडायला मिळत नाही, मागच्या मिशनमध्ये जेवढं कवच आणि जेवढी मिसाइलं उरली तेवढ्यावरच. म्हणून मिशनच्या शेवटी वेळ असेल तर सपोर्ट शिप बोलवून मिसाइलं भरून घ्यायची सवय ठेवा.

अडकलात तर

मिशन हरलात की डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे मिशननंतरच्या आढाव्यात, सल्ल्याचं बटण असतं, रेकमेंडेशन्स नावाचं, ते दाबून वाचा, पुढच्या खेपेला नेमकं काय करायचं ते बहुतेक वेळा तिथे सरळ लिहिलेलं असतं आणि लोक ते बघतच नाहीत. एकच मिशन पाचदा हरलात तर गेम स्वतःहून विचारतो, पुढे जायचं का. माझं मत, एकदा पातळी खाली आणून बघा, तरीही नाही झालं तर खुशाल पुढे जा, गोष्ट बघायला मिळणं जास्त महत्त्वाचं. गोष्ट आहेच तशी. बत्तीस वर्षांपूर्वीच्या युद्धाच्या शेवटी पृथ्वीकडे जाणारा रस्ताच कोसळलेला, माणसं आणि पूर्वीचे शत्रू वासुदन आता एकत्र, त्यांच्यातच एका अ‍ॅडमिरलने बंड केलेलं, आणि मग ज्यांना संपलं असं समजलो होतो ते शिवन परत येतात. पुढचं सांगत नाही, आणि तुम्हीही कुठे वाचू नका.

पहिला भाग आधी खेळायचा का असं खूप जण विचारतात. त्याची सगळी मिशन्स दुसऱ्या भागाच्या इंजिनावर आणलेली आहेत, एफएस पोर्ट नावाने नॉसॉसमध्येच मिळतात, तुमच्याकडे दुसरा भाग असला की ती फुकट. माझा सल्ला, दुसरा आधी. त्याचं ट्रेनिंग चांगलं आहे, हात बसतो, मग मागे जाऊन पहिलं युद्ध खेळलं की अनेक नावं ओळखीची वाटतात.

कॅम्पेन संपल्यावर लाँचरमधली यादी उघडा, लोकांनी बनवलेल्या कॅम्पेन्स आहेत, काहींना तर मूळ गेमही लागत नाही. आणि मिशन बनवायचं साधन, फ्रेड, तेही आहे. कुठलं यान कधी येईल, कुठला मेसेज कधी वाजेल, सगळं आपण ठरवायचं. भाचा घरी गेल्यावर त्याच्या बाबांच्या कॉम्प्युटरवर त्याने तेच उघडलंय, परवा फाइल पाठवली, एक मालवाहू जहाज, ब्रह्महृदयाजवळ, आणि मिशन सुरू होऊन दीड मिनिटाने पाठीमागून येणारे दोन बॉम्बर.